तळ्याच्या पाळीवरचा साहेब

गुरुजी, साहेबाचं नाव सापडलं.

तुम्हांला जाऊन वीसेक वर्षं झाली. हा कागद कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही हे मला कळतं. पण कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे कागद लावून घरी आलो की हे एवढं एक बोलणं राहून गेल्यासारखं वाटतं. बायकोला सांगून पाहिलं. ती म्हणाली, गेलेल्या माणसाशी काय भांडायचं. भावाशी हल्ली बोलणं नीट होत नाही. तेव्हा ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशीच बोलावं म्हणून बसलो आहे.

आपलं गाव अजून तसंच आहे. चांदाफोर्टहून छोट्या गाडीनं मूलला उतरायचं आणि पुढं बैलगाडी मिळाली तर बैलगाडी, नाहीतर पायी. जंगल थोडं मागं हटलंय, धानाच्या बांध्या पुढं सरकल्यात. तळं मात्र आहे तेवढंच. पाळीवर मोहाच्या झाडाखाली तो कमरेएवढा दगडही तसाच उभा आहे, चुना लावलेला. अजूनही अक्षय तृतीयेला शाळेची पोरं रांगेनं जाऊन त्याला फुलं वाहतात. ही रांग तुम्ही लावून दिलीत. पहिल्या वर्षी आम्ही हातात चुन्याचे डबे घेऊन तुमच्या मागून गेलो होतो ते मला लख्ख आठवतं. दगडावर शेंदराचे जाड थर होते. पायथ्याशी भाजलेल्या मातीचे दोनचार वाघ होते, ओबडधोबड, एकाला शेपूट नाही. तुम्ही ते उचलून तळ्यात टाकायला लावलेत. शेंदूर आम्ही नारळाच्या शेंडीनं घासून काढला. तळ्यात मासळी मारणाऱ्या आमच्या ढिवरांपैकी कुणीतरी अंडं आणलं होतं, तेही तुम्ही परत पाठवलंत आणि म्हणालात, साहेब शाकाहारी होते. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही नाही हसलात.

मग तुम्ही गोष्ट सांगितलीत. मी ती इतक्या वेळा म्हटली आहे की झोपेतही म्हणेन. चांद्याहून एक थोर साहेब घोड्यावर बसून आले. आमराईत तंबू ठोकला. गरीब ढिवरांचं गाऱ्हाणं त्यांनी कान देऊन ऐकलं आणि हे तळं त्यांच्या ओटीत घातलं. मग जसे आले तसे ते निघून गेले, पुन्हा कुणाला दिसले नाहीत. शाळा तपासायला डिप्टी आले तेव्हा तुम्ही मला पुढं काढलंत. मालगुजाराच्या ओसरीत शाळा भरायची, वर जोत्यावर गावचे धनी मालगुजार स्वतः बसलेले, आणि खाली मी, ढिवराचं पोर, सगळ्यांच्या देखत गोष्ट सांगतो आहे. मला बक्षीस मिळालं. माझ्या बापानं गावात मुरमुरे वाटले. आमच्या मोहल्ल्यात तोवर शाळेचं बक्षीस कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही आमच्या दारात येऊन बापाला म्हणालात, याला शिकू द्या, आणि बापानं जाळं खाली ठेवून तुम्हांला हात जोडले.

त्याच आठवड्यात मी तुम्हांला विचारलं, गुरुजी, साहेबाचं नाव काय होतं? साधा प्रश्न होता. गोष्टीतल्या राजालाही नाव असतं, म्हणून विचारला. तुम्ही कधी हात उगारत नव्हतात, पण त्या दिवशी पट्टी माझ्या बोटांवर बसली. म्हणालात, "उपकार करणाऱ्याचं नाव विचारू नये. त्याला नमस्कार करावा." मी घाबरून नमस्कार केला. त्यानंतर चाळीस वर्षं मी तो नमस्कार करत आलो. गावी गेलो की आधी मारुती, मग साहेब, मग घर. माझा देवावर जसा भाव आहे तसाच त्या दगडावर होता. तुम्ही सांगितलं होतं, एवढं मला पुरेसं होतं.

तुमच्यामुळेच मी कचेरीत लागलो. मुलाखतीला जाताना तुम्ही तुमचा काळा कोट मला दिलात. बाह्या लांब होत्या, आत्यानं त्या आत दुमडून टाके घातले. अभिलेख कोठीत मला घेतलं तेव्हा तुम्ही म्हणालात की कागद सांभाळणं हे देवाच्या पूजेइतकंच नेमानं करायचं काम आहे. मी तसंच केलं. लाल कापडाचे बस्ते, गावागावांच्या कागदांच्या मिसली, वाळवी लागू नये म्हणून आत घातलेला कडुनिंबाचा पाला. इतकी वर्षं हाताला तोच वास आहे. साहेब गेले, नवे आले, इंग्रज गेले, राज्य नागपूरचं होतं ते आता मुंबईचं झालं, पण बस्ते त्याच फळ्यांवर आहेत. आणि एवढी वर्षं त्या फळ्यांमध्ये वावरूनही मी आपल्या गावचा बस्ता त्या साहेबासाठी कधी सोडला नाही. नाव विचारायचं नसतं, हे तुम्ही सांगितलं होतं ना.

मालगुजारी गेली तेव्हा तळं सरकारजमा झालं. आमच्या लोकांना त्याचं काही वाटलं नाही. मालगुजाराचं गेलं तर गेलं, आपलं तर साहेबानं दिलेलं आहे, असं सगळे धरून चालले. मासळीची पहिली पाटी मालगुजाराच्या घरी पोचती करायची ती बंद झाली, एवढाच फरक. मग गेल्या हिवाळ्यात दवंडी पिटली की तळ्यातल्या मासळीचा लिलाव होणार, ज्याला हक्क सांगायचा असेल त्यानं अर्ज करावा. धाकटा भाऊ पहाटेच्या गाडीनं निघून कचेरीच्या पायरीवर येऊन बसला. त्याला काही काळजी दिसली नाही. म्हणाला, "दादा, तू लिहून दे ना बाप्पा. तुले त ते साहेबाचं सारं पाठ हाये." मी लिहून दिलं. तुमचीच वाक्यं लिहिली, थोर साहेब, ओटीत घातलं, सगळी. खाली असं लिहिलं की साहेबांच्या शब्दावरच आमचा हक्क उभा आहे आणि त्यांनी जे केलं ते आम्हांला सर्वस्वी मान्य आहे. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी अंगठे केले. चौकशी अधिकाऱ्यांनी गावी येऊन प्रत्येकाचा शपथेवर जबाब घेतला. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, जवळजवळ त्याच शब्दांत. चार दिवस का होईना, सगळे तुमच्याच शाळेत बसलेले.

अधिकारी तरुण होते, पुण्याकडचे, या जिल्ह्यात नव्यानं बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "गोष्ट छान आहे हो, पण त्या साहेबांना नाव असेल, हुद्दा असेल, असा हुकूम द्यायचा अधिकार असेल. तेवढं दाखवा, मी लगेच मान्य करतो." मला आनंदच झाला. कोठीची किल्ली माझ्याकडे, कागद माझ्या ओळखीचे. रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन मी शोधायला बसलो. वाटलं, आता एवढ्या वर्षांनी नमस्काराला नाव मिळेल.

मिळालं नाही. मी आधी मोठे साहेब पाहिले, मग तहसीलदार. घोड्यावरून आला, हुकूम देऊन निघून गेला, म्हणजे बदलून गेला, असं मी गृहीत धरलं आणि त्या सुमाराच्या बदल्या काढून बसलो. कोण चांद्याहून भंडाऱ्याला गेला, कोण रायपूरला. त्यांच्या दौऱ्यांचे कागद पाहिले. आपल्या गावाला त्यांतलं कुणीच थांबलेलं नव्हतं. सुनावणीची तारीख जवळ येत चालली आणि माझ्या हाती काही नाही. कोठीतला शिपाई मला म्हणाला, "बाबूजी, तुमचा साहेब हवेतून आला असन." मी त्याच्यावर उगाच ओरडलो. मी कधी ओरडत नाही.

शेवटी रजा टाकून गावी गेलो. म्हटलं, साहेबाला डोळ्यांनी पाहिलेलं कुणी उरलंय का पाहू. त्या काळची मोठी माणसं बहुतेक मानमोडीच्या साथीतच गेली. तुम्हांला आठवत असेल, एकेका घरातून दोन दोन, शाळा तेव्हा बंद होती. उरली ती एक आत्या, बापाची मोठी बहीण. ऐंशीच्या घरात आहे. एका डोळ्यानं दिसत नाही, पण तोंड अजून शाबूत आहे. ती चुलीपाशी वाळवलेले झिंगे निवडत बसली होती. मी शेजारी बसून विचारलं की आत्या, साहेब इथून कुठं गेला, काही आठवतं का. तिनं मान वर केली नाही.

"कुठी जाते? वाघानं नेला त्याले."

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. ती वैतागली.

"साहेबाचंच सांगून राह्यली ना मी. पाळीवर सकाळी डबा घेऊन गेला, तिथीच धरला. एक जोडा भेटला अन् पगडी. मंग आमी दगड मांडला. नाई मांडला त तो पाळीवर फिरते, मानसं पाण्यात ओढते. वाघानं मारलेल्याचा मांडाच लागते."

गुरुजी, मी झाडीपट्टीतलाच माणूस. वाघानं नेलेल्याचा दगड मांडतात, शेंदूर लावतात, मातीचे वाघ वाहतात की बाबा आता शांत राहा, हे मी दहा गावांत पाहिलेलं आहे. असला दगड कुणी उपकाराचा मांडत नाही, भीतीचा मांडतात. त्या दगडावरचा शेंदूर मी स्वतः घासला. ते वाघ मी स्वतः पाण्यात फेकले. आणि तरी माझ्या डोक्यात हे कधी आलं नाही, कारण तुम्ही आधीच दुसरं काही तिथं ठेवलं होतं.

मी आत्याला म्हणालो, मेला असेल बिचारा, पण तळं तर त्यानंच आपल्याला दिलं ना. तेव्हा ती हसली. दात नाहीत, पण हसली.

"देल्लं? आरं, तळं आपलंच होतं. माह्या आज्यापासून आपलं. तो मेला इथं आला कायले होता? मालगुजाराच्या घरी जेवला अन् तळं त्याच्या घशात घालून देल्लं. दुसऱ्या दिवशी वाघ आला. लोक म्हनत, तळ्यानंच बलावला."

मी मग विचारलं, हे तू कधी बोलली का नाहीस. ती झिंगे निवडत राहिली. म्हणाली की माझ्या बक्षिसाचे मुरमुरे ज्या दिवशी वाटले त्या दिवशी तिला बोलायचं होतं, पण बाप इतका फुगून फिरत होता की तिच्यानं झालं नाही. पुढं ज्यांना ठाऊक होतं ते साथीत गेले, आणि बाकीच्यांना तुमची गोष्ट गोड लागली. ढिवराले कोन साहेब तळं देते, पण आमाले देल्लं, असं सांगताना मान वर राहायची. मग जाता जाता बोलावं तसं ती बोलली.

"अन् मास्तरले त सारं ठाव होतं. तो इथीच बसला होता, तू बसला ना तिथी. बारीक बारीक इचारलं त्यानं. वाघ कोनत्या बाजूनं आला तेही इचारलं. नावही त्यानंच सांगतलं मले त्या साहेबाचं, कोनता तरी परदेशी होता म्हने, हिंदी बोलनारा. मंग म्हने, बाई, हे पोराइले सांगून काय फायदा."

त्या रात्री मी साहेबाच्या दगडाकडे गेलो नाही. मारुतीलाही गेलो नाही.

चांद्याला परतल्यावर काम सोपं झालं. आता मी बदलून गेलेला माणूस शोधत नव्हतो, मेलेला शोधत होतो. आपल्या गावच्या मिसलीत जमीनमोजणीच्या बंदोबस्ताच्या वेळचं वाजिब-उल-अर्ज आहे, म्हणजे गावच्या वहिवाटी लिहून ठेवलेला कागद. त्यात तळ्याच्या ओळीवर रेघ मारलेली आणि बाजूला दुसऱ्या अक्षरात दुरुस्ती. खाली सही, नुसता फरकाटा, वाचता न येणारा, आणि हुद्दा बंदोबस्ताचा नायब. त्या मोसमात जिल्ह्यात असे तीन नायब काम करत होते. दोघांच्या सह्या मला पुढच्या वर्षांच्या कागदांवर सापडत गेल्या, एकाची ब्रह्मपुरीकडे, एकाची वरोऱ्याकडे. तिसऱ्याची सही त्या हिवाळ्यापर्यंत जागोजागी आहे आणि मग कुठंच नाही. ज्याची सही थांबली तो आपला. त्याच्या नावाचा पत्रव्यवहार काढला तर दोनच कागद निघाले. एक त्याच्या बायकोचा हिंदीतला अर्ज, नर्मदेकडच्या गावाहून कुणाकडून तरी लिहवून घेतलेला. त्यांचं काही मिळालं असेल तर कृपा करून पाठवा, क्रियाकर्म करायचं आहे. दुसरा कचेरीचा, की मृताकडची मोजणीची साखळी अद्याप जमा झालेली नाही. बाईला उत्तर गेल्याचं कुठं दिसत नाही. 

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तुम्हांला ते माहीत होतं.

मला त्याचा राग येत नाही, हे तुम्हांला विचित्र वाटेल. तो कोण होता? तिशीतला एक नायब, परमुलखात तंबूत राहणारा, हिवतापानं हैराण झालेला, ज्याच्या घरी जेवला त्याच्या बाजूनं लिहून गेला. तसे मी शेकड्यांनी पाहिले आहेत, कागदांवरही आणि समोरही. तो आमच्याशी खोटं बोलला नाही. आमच्याकडे त्यानं पाहिलंच नाही. त्याच्या रेघेखाली मूळची ओळ अजून वाचता येते. तळ्यातली मासळी गावच्या ढिवरांची, पूर्वापार वहिवाटीने. रेघ मारून त्यानं लिहिलं आहे, मालगुजाराच्या मर्जीने. आणि त्या दुरुस्तीवर वरच्या साहेबाची सही नाही, कारण ती व्हायच्या आत तो मेला. म्हणजे ती दुरुस्ती पक्की झालेलीच नव्हती. तो कागद हातात धरून मी कोठीत एकटाच उभा होतो. वाटलं, जिंकलो. गोष्ट खोटी असली तरी तळं आमचं आहे, आणि ते कुणीही दिलेलं नाही.

घरी जाईपर्यंत तो आनंद टिकला. जेवताना आमचा अर्ज आठवला. माझ्याच अक्षरातला. साहेबांच्या शब्दावरच आमचा हक्क उभा आहे.

सुनावणीच्या आधी मी गावी जाऊन मोहल्ल्यातल्या लोकांना पाळीवर जमवलं आणि सगळं सांगितलं. एका म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं की मग एवढी वर्षं आपण फुलं कुणाला वाहिली. भाऊ माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "दादा, तू त शिकला. कागदाच्या घरात राह्यतं तू. तुले कसं नाई समजलं?" मला शिकवलं कुणी, हे त्यालाही ठाऊक आहे.

आत्याला बैलगाडीत घालून आणि पुढं रेल्वेनं चांद्याला आणलं. अधिकाऱ्यांनी तिला खुर्ची दिली. ती खाली बसली. तिनं सगळं सांगितलं, वाघासकट, आणि मधेच त्यांना विचारलं की तुझं लग्न झालं का. ते हसले. मी मिसल पुढं ठेवली, ज्याची सही थांबली तो कसा ओळखला ते समजावलं. त्यांनी तो कागद फार लक्ष देऊन पाहिला, मला शाबासकीही दिली. मग आमचा अर्ज आणि सगळ्यांचे जबाब उघडून समोर ठेवले.

"आधी तुम्ही शपथेवर सांगता, साहेबांनी तळं दिलं, ते करतील ते मान्य. आता सांगता, साहेबांनी तळं घेतलं. एक म्हातारी एका बाजूला, तेवढे सगळे अंगठे दुसऱ्या बाजूला. मी कोणतं धरू?"

भाऊ उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "साहेब, आमाले शाळेत तसंच शिकवलं."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी शिकवलं, असं विचारलं. मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. शाळा मालगुजाराच्या ओसरीत भरत होती हेही सांगितलं, आणि सत्य काय ते तुम्हांला माहीत होतं हेही. त्यांनी ते लिहून घेतलं.

त्याचा उपयोग झाला नाही. दावा फेटाळला गेला. वहिवाट असेलही, पण दावेदारांनीच ती नाकारून हुकमावर भर दिला, आणि त्यांनीच मान्य केलेला तो हुकूम, वरची सही नसली तरी, त्यांच्या विरुद्ध आहे, असा निकाल आहे. पावसाळा सरता सरता लिलाव झाला. तळं वडशाच्या एका ठेकेदारानं घेतलं. त्याला जाळं ओढायला माणसं हवी होती, ती त्यानं आमच्याच मोहल्ल्यातून घेतली. माझा भाऊ रोजीनं जातो. संध्याकाळी मासळीच्या पाट्या भरून गाडीत चढवतो आणि घरी डाळ खातो.

गुरुजी, तुम्ही हे का केलंत याचा मी फार विचार केला. मालगुजारानं जागा दिली नसती तर शाळा भरली नसती, हे मला समजतं. सरकारचा माणूस आला आणि तळं घेऊन गेला, ही गोष्ट ऐकून ढिवरांची पोरं सरकारच्या शाळेत आली नसती, हेही समजतं. मी त्या पोरांतलाच. तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलला असतात तर मला सोपं गेलं असतं. पण तुम्ही तुमची शाळा वाचवायला आमचं तळं दिलंत, आणि त्याबद्दल आम्हांला दर अक्षय तृतीयेला आभार मानायला लावलेत. आमच्या बापजाद्यांची वस्तू तुम्ही आमच्याच तोंडून दुसऱ्याची करून टाकलीत. मालगुजारानं कधी एवढं केलं नाही. तो पहिली पाटी घ्यायचा, पण ती आपली आहे असं आमच्याकडून पाठ करून घेत नव्हता. आणि मी नाव विचारलं तेव्हा तुम्ही मारलंत. ती पट्टी आता मला रोज बसते. तुम्हांला नाव ठाऊक होतं, आणि ते मी घरी आत्यासमोर घेतलं असतं तर त्या एका शब्दानं सगळं उलगडलं असतं हेही ठाऊक होतं. पोराच्या बोटांवर मारून तुम्ही स्वतःला वाचवलंत.

परवा त्या दाव्याची मिसल निकाली होऊन कोठीत आली. माझ्याच हातानं लावायची. आत तुमचं नाव आहे. पन्नास वर्षांनी कुणी तुम्हांला शोधायला निघालं तर सरकारी कागदांत तुम्ही तिथं सापडाल, गावात खोटी समजूत पसरवणारे शाळामास्तर म्हणून. तुम्ही मला शिकवलंत, बापाला जाळं खाली ठेवायला लावलंत, कोट दिलात, हे कुठल्या कागदावर नाही. ते असायला हवं असं मला वाटलं. मग वाटलं, नको. माझ्या भावाच्या घरी आता काय शिजतं तेही कुठं लिहिलेलं नाही.

एवढ्यासाठीच हे पत्र, आणि ते घरातच राहील. एकच सांगायचं उरलं. सर्वपित्रीला मी दरवर्षी आईबापाच्या पानाशेजारी तुमचं पान वाढत असे, हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही. यंदा वाढलं नाही. ती वाढायला लागली तर मी हात धरला. आईबापाची पानं ठेवली, पाणी सोडलं, आणि पाटावर बसलो. पण घास तोंडाकडे जाईना. पोट बिघडलंय असं सांगून उठलो, आणि त्या दिवशी जेवलो नाही.